कोनाड्यातला नारळ

मी मॅट्रिक पास झालो तेव्हा कॉलेज मुंबईचं की पुण्याचं, यावर घरात महिनाभर खल चालला. मुंबईला मामांकडे राहता आलं असतं, पण त्यांच्या खोलीत जोर काढायचे म्हटलं तर माझे पाय थेट जिन्यावर यायचे. मी कुस्ती खेळणारा. मला कॉलेजच्या जवळ चांगली तालीम हवी होती, म्हणून हट्टाने पुणं धरून बसलो. वडील कसेबसे कबूल झाले.

आता राहिले वस्ताद. कल्याणच्या आमच्या तालमीची रीत अशी, की वस्तादांनी हातात नारळ दिल्याशिवाय दुसऱ्या तालमीच्या मातीत पाय ठेवायचा नाही. आणि मी असा शहाणा, की हेडमास्तरांपासून मामांपर्यंत सगळ्यांना विचारलं. ज्यांना आधी विचारायचं त्यांनाच भीतीने टाळत आलो.

शेवटी एका सकाळी गेलो. वस्ताद आखाड्याच्या मातीत ताक कालवत होते. मी पाया पडलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"महिनाभर अंग इथं आणि मन पुण्याला. मला दिसत नाही होय?" ते खेकसले. मग हात धुऊन त्यांनी कोनाड्यातला नारळ काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

इतकं हायसं वाटलं, की डोळे भरून आले. ते लपवायला मान खाली घातली, तर नारळावर धूळ बसलेली.

"पुसून घे," वस्ताद म्हणाले. "तुझा निकाल लागला त्याच दिवशी आणून ठेवलाय."