दीड पाटी शेण

मी शाळेत गणित शिकवतो. क्षेत्रफळाचा धडा तर असा रंगवतो, की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा झोपायचं विसरतात. निदान मला तसं वाटतं.

कोल्हारच्या आमच्या घरात स्वयंपाकघराला फरशी झाली होती, पण आईच्या खोलीची जमीन मातीचीच. दर आठवड्याला आई ती शेणाने सारवायची. गुडघे गेले, डॉक्टरांनी खाली बसायला बंदी केली, तरी बाईसाहेब ऐकेनात. तिचं हे सारवणं एकदाचं सुटावं, एवढ्यासाठी मी फरशी घालायचं ठरवलं.

टेप लावली. दाराकडची भिंत दहा फूट, लांबी सोळा. म्हणजे एकशे साठ चौरस फूट. एका बॉक्समध्ये सोळा चौरस फुटांची फरशी, तेव्हा दहा बॉक्स. खर्चही तोंडीच सांगून टाकला. आई शांतपणे म्हणाली, "सैपाकघराला एक पाटी शेन लागायचं, या खोलीला दीड. तिथं आठ पेट्या लागल्या. मंग हितं बारा आन."

मी हसलो. वर तिला समजावलं, की शेणाच्या पाटीने क्षेत्रफळ काढत नसतात. दुकानदारही दोन बॉक्स जास्तीचे घ्या म्हणत होता. हा मला शिकवणार, म्हणून मी दहाच आणले.

गवंड्याने फरशी लावत आणली आणि शेवटी भिंतीलगतच्या बाजरीच्या गोण्या हलवल्या. ती भिंत बाहेरच्या पाऊलवाटेच्या कडेने तिरकी गेलेली. मागे खोली चांगली साडेबारा फूट भरत होती. गोण्या हलवायचा कंटाळा करून मी फक्त पुढून मोजलं होतं. आईने मात्र इतकी वर्षं दर वेळी त्या सरकवून सारवलं होतं. भिंतीलगत मातीचा लांबडा त्रिकोण उघडा राहिला, आणि दुकानात तो नमुना संपलेला. मला खरंच लाज वाटली. दुसऱ्या रंगाची आणतो म्हटलं, तर आई म्हणाली, ठिगळ नको, राहू दे तेवढं.

तेवढं म्हणजे वीस चौरस फूट. हे गणित मात्र माझं बरोबर आलं.

पण उघडी माती धूळ सोडते, तिला सारवावंच लागतं. आणि आईला काही मी खाली बसू देणार नव्हतो. त्यामुळे दर शनिवारी सकाळची शाळा आटोपली, की मी बाह्या सारून शेणकाल्यात हात घालतो. आई खुर्चीवर बसून काठीने दाखवते.

"मास्तर, त्यो कोपरा ऱ्हायला."