संपादकाचं गाव

माझी सून पीएच.डी. करते. विषय यंत्रमागाच्या कारखान्यातल्या बायकांचा. आमच्या कबनूरच्या बायका तिच्याशी मोकळेपणानं बोलल्या त्या माझ्यामुळं. वीस वर्षं मीही त्यांच्यात बसून मागाच्या सुताच्या कांड्या भरल्यात. "तुमचं नाव कुठं येणार न्हाय," हा शब्द मी दिलेला. त्यातल्या एकीनं सांगितलं की, शेजारणीची बोटं मशीनमध्ये गेली, तेव्हा मालकानं 'घरी पडली' असं लिहून घेतलं आणि साक्षीला हिचा अंगठा उठवला.

प्रबंध इंग्रजीत. तिचे गाईड सर म्हणाले, भाषा कच्ची आहे, कुणाकडून तरी तपासून घ्या. सुनेनं इंटरनेटवर एक संपादक शोधला, घरी बसून असली कामं घेणारा. बोलायला फार मऊ. पहिली दोन प्रकरणं त्यानं अशी सुधारून दिली की सून नुसती नाचायची राहिली.

तिसऱ्या प्रकरणाच्या वेळी, अंगठ्याची हकीकत त्यातच होती, त्याचा फोन आला. सून आंघोळीला गेलती, मी उचलला. आता आपल्याकडची खोड तुम्हाला ठाऊकच आहे, गाव विचारल्याशिवाय पुढचं बोलणं सुचत नाही.

"पावणं, गाव कुठलं तुमचं?"

"कबनूर की, मावशी."

झालं! मला घरचंच माणूस भेटलं. "मग त्या अंगठ्यावालीला वळखत असशील की! टाकीजवळ ऱ्हाती, जुळ्या पोरी हाईत बघ तिला."

त्याच्या पाठीमागं यंत्रमागांचा खडखडाट चालला होता, तो मला तेव्हा ऐकू आला.

"म्हणजे आमच्या मामाच्या कारखान्यातली," तो म्हणाला. "बरं झालं सांगितलासा."

सून बाहेर आल्यावर मी हे सांगितलं, तसा तिनं लगेच उलटा फोन लावला. "मी कशाला कुणाला सांगू, मॅडम?" तोच मऊ आवाज. संध्याकाळी प्रकरण आलं, अगदी स्वच्छ. फक्त अंगठ्याच्या चार ओळी त्यात नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी त्या बाईचाच फोन.

"आक्का, मालकानं हापिसात बोलीवलंय. पोरींची नावं बी इचारली म्हणं. पगार वाढीवतोय वाटतं!" आणि हसली.

"जाऊ नगंस," मी म्हणाले. मग सगळं सांगितलं, माझ्या तोंडानं.



"आक्का, तू शब्द दिलतास."

"व्हय गं."

"आता घरात बसून तरी काय हुतंय? त्यास्नी घर ठावं हाय." मग पोरींना हाक मारून, मी हापिसात जाऊन येती, दाराला आतून कडी लावा म्हणाली, आणि फोन बंद झाला.