तपासायला आलेल्या मॅडम

टेस्टिंगच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. आमच्या रिपोर्टमध्ये 'शेरा' नावाचा एक रकाना असतो, जेमतेम बोटभर रुंदीचा. त्यात जे मावत नाही ते सगळं आमच्या पोटात जातं. बावीस वर्षं मी हेच करतेय. सुताराचं ड्रिल मशिन, वेल्डरचा सेट, फॅक्टरीचं पॅनेल, सोसायटीची लिफ्ट, ज्याला म्हणून वीज लागते ते तपासायचं आणि हिरवा नाहीतर लाल स्टिकर चिकटवून यायचं. ऑफिस नोएडात, घर करोल बागेत, आडनाव घैसास. ते दिल्लीकरांना काही केल्या झेपलं नाही. आधी 'गैसास मॅडम', मग नुसतंच 'गॅस मॅडम'! विजेच्या तपासणीला गॅस मॅडम आल्यात म्हटलं की गेटवरचा वॉचमनसुद्धा हसतो.

चारचौघांत मी जे किस्से सांगते ते सगळे दुसऱ्यांच्या फजितीचे. लोक हसतात, मीही हसते. आज ते नकोत. आज माझेच सांगते.

*

नोकरीचं पहिलंच वर्ष. कीर्तिनगरमधला एक फर्निचरचा कारखाना. तेव्हा आमच्याकडे हँडल फिरवायचा जुना मेगर होता. हँडल फिरवलं की त्यातून पाचशे व्होल्ट निघतात, त्यावर वायरीचं इन्सुलेशन तपासायचं. समोर पाच सुतार उभे, त्यांचे मिस्त्री इक्बालभाई सगळ्यांत पुढे. मी नवी नवी इंजिनियर. लेक्चर द्यायची केवढी हौस!

"देखिए," मी म्हटलं, "स्विच बंद केला म्हणजे वीज संपली असं नसतं. लांब केबल असली की वीज तिच्या पोटात बसून राहते. म्हणून टेस्ट झाली की आधी केबल डिस्चार्ज करायची, मगच हात लावायचा. समझे?"

मग मी हँडल फिरवलं, रीडिंग घेतलं, कागदावर ऐटीत लिहिलं, आणि उघड्या हाताने केबलची क्लिप काढायला गेले.

मी किंचाळले किती ते आठवत नाही. मेगर भुशात पडला, पेन फेव्हिकॉलच्या डब्यात. पाचांपैकी एकही जण हसला नाही, हे जास्त लागलं. इक्बालभाईंनी स्टूल पुढे केलं, पाण्याचा ग्लास दिला, आणि अगदी अदबीने म्हणाले, "जी मैडम, समझ गए."

*

हा घरचा. दिल्लीच्या उन्हाळ्यात लोखंडी कूलर म्हणजे घरातला एक माणूसच. आमच्या कूलरला करंट यायचा. फार नाही, मुंग्या आल्यासारखा. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "चप्पल घालून हात लाव हो!" असे दोन उन्हाळे गेले. मी दिवसभर लोकांच्या अर्थिंगला लाल स्टिकर लावायची आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच कूलरसमोर पाय पसरून बसायची. कारणही मला ठाऊक होतं. एक्स्टेन्शन बोर्ड दोन पिनांचा, म्हणून प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन कोणीतरी मोडून टाकली होती. ते कोणीतरी म्हणजे मीच.

एका रविवारी आमच्याकडे कामाला येणारी कमला फरशी पुसत होती. अनवाणी, ओल्या फरशीवर. कूलरपाशी आली की ती डावा हात पाठीमागे घ्यायची. मी विचारलं, "हाथ में लगा है क्या?"

"नहीं दीदी, कूलर से बचाती हूँ. पिछले साल इसने बाल्टी समेत फेंक दिया था मुझे."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?" मी मराठीतच ओरडले.

तिला अर्थ कळला. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "दीदी, आप तो बिजली की ही मैडम हो. मैंने सोचा, आपको तो पता ही होगा."

मी तशीच उठले, नवा प्लग लावला, बोर्ड बदलला, कूलर तपासला. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "दहा मिनिटांचंच काम होतं होय?"

*

मग ऑफिसात एआय आलं. म्हणजे एक टॅबलेट आला. आपण रीडिंग भरायची, थर्मल कॅमेऱ्याचा फोटो टाकायचा, आणि तो पास-फेल सांगणार, वर खात्री किती टक्के तेही.

फरीदाबादच्या एका फॅक्टरीत मी तो पहिल्यांदा नेला. बरोबर रामनिवासजी होते. हे आमचे रेवाडीचे इलेक्ट्रिशियन. डिग्री नाही, पण तीस वर्षांचा हात. मला मीटर नीट धरायला शिकवलं ते त्यांनीच. पॅनेल उघडलं, कॅमेरा धरला. तांब्याच्या पट्टीवर लाल ठिपका! टॅबलेट म्हणाला, 'असाधारण उष्णता. लाइन ताबडतोब बंद करा.'

मी लाइन बंद केली. चाळीस कामगार हात बांधून उभे. बोल्ट तपासले, पुन्हा आवळले, सगळं थंडगार. लाइन चालू केली, कॅमेरा धरला, ठिपका परत जिथल्या तिथे. टॅबलेटची खात्री आता अठ्ठ्याण्णव टक्के! मी पुन्हा "बंद करो" म्हणणार, इतक्यात रामनिवासजी म्हणाले, "मैडम, ज़रा दो कदम बाएँ."

मी डावीकडे सरकले. ठिपकाही सरकला. उजवीकडे गेले, तोही आला.

चकचकीत तांबं आरशासारखं असतं, त्यात समोरच्या माणसाच्या अंगाची ऊब दिसते. हे मी दर वर्षी नव्या लोकांना ट्रेनिंगमध्ये शिकवते. स्लाइड आहे माझी त्यावर.

रामनिवासजी हळूच म्हणाले, "मैडम, गरम तो आप ही हो रही हैं."

*

यार, तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पुढे एआयवाल्या कंपनीची एक मुलगी आली. हुशार, गोड. तिला रामनिवासजींचं 'ज्ञान रेकॉर्ड' करायचं होतं. रामनिवासजी मोटार तपासतात ती अशी: लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे.

"क्या सुनाई देता है, सर?" तिने विचारलं. त्यांना 'सर' म्हणणारी ऑफिसातली ती पहिलीच.

"बेअरिंग रो रही है."

तिने टाइप केलं. "कितने परसेंट श्योर हैं?"

"बेटा," रामनिवासजी म्हणाले, "रोने में परसेंट नहीं होता."

मुलगी टाइप करायची थांबली. तिला ते पटलं असावं. आणि मी? मी मोठ्याने हसले आणि तिला इंग्लिशमध्ये म्हटलं, "ही इज व्हेरी कलरफुल!" पाहुण्यांना घरातला पोपट दाखवावा तसं.

रामनिवासजींनी स्क्रू-ड्रायव्हर पुसला, खिशात ठेवला. "थँक्यू, मैडम," ते म्हणाले. इंग्लिशमध्ये.

*

हा सांगू की नको, असं फार दिवस चाललं होतं.

एआयला आमचे जुने रिपोर्ट खायला घातले होते. सोमवारच्या मीटिंगमध्ये आमचे साहेब, भसीन सर, पडद्यावर दाखवत होते, बघा कसं झटपट वाचतो! तेवढ्यात पडद्यावर एक ओळ आली. गुडगावच्या एका इमारतीच्या अर्थिंगची रीडिंग सलग तीन वर्षं, त्याच क्रमाने, दशांशापर्यंत तीच आहेत. 'कृपया प्रत्यक्ष मोजणी झाली होती का, याची खात्री करावी.' कृपया! शिवी दिली असती तर परवडलं असतं.

रिपोर्टखाली सह्या दोघांच्या. माझी आणि रामनिवासजींची. खरं काय घडलं ते दोघांनाच माहीत होतं. जूनचं ऊन होतं, अर्थिंगचे खड्डे इमारतीच्या मागे रणरणत्या मैदानात. ते मीटर घेऊन निघाले होते. मीच त्यांना परत बोलावलं. "रामनिवासजी, जमीन थोडीच बदलते दर वर्षी? चलो." आणि गाडीत एसी लावून मागच्या वर्षीचे आकडे उतरवले. पुढच्या वर्षी परत.

भसीन सर पडद्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही. मी तोंड उघडलं. बोलणारच होते, असं मी अजून स्वतःला सांगते.

"सर, वो मैंने लिखवाया था," रामनिवासजी म्हणाले. "मैडम ने तो बस टाइप किया."

मी तोंड मिटलं.

त्यानंतर रिपोर्टवरची त्यांची सही बंद झाली. मोजायचं त्यांनी, निकाल एआयचा, सही माझी. त्या दिवशी जिन्यात मी त्यांना गाठलं, "तुम्ही असं का केलंत?" म्हणून विचारलं. ते म्हणाले, "मैडम, मेरे दो साल बचे हैं, आपके पंद्रह." आणि चहाला गेले.

घरी मुलीला एवढंच म्हटलं की आज फार ओशाळल्यासारखं झालं. ती दिल्लीतच वाढलेली. "ओशाळणं म्हणजे गिल्टी?" तिने विचारलं.

"नाही गं," मी म्हटलं. "गिल्टीवाले निदान कबूल तरी करतात."

*

शेवटचा मागच्या मे महिन्यातला. गाझियाबादची एक सोसायटी, नऊ मजले, एकच लिफ्ट. ती चार दिवस बंद. दुरुस्ती झाली होती, फक्त आमचं सर्टिफिकेट यायचं होतं. खाली ही गर्दी! भाजीच्या पिशव्या, पाण्याचे कॅन, काठीवाले आजोबा, आणि सगळ्यांच्या पुढे सोसायटीचे सेक्रेटरी गुप्ताजी.

रामनिवासजी वर मशिनरूममध्ये जाऊन सगळी रीडिंग घेऊन आले. मी टॅबलेटमध्ये भरली. हिरवं! पास, खात्री शहाण्णव टक्के. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रामनिवासजी माझ्या कानाशी म्हणाले, "मैडम, मोटर ठीक है. ब्रेक छूटते वक़्त हकला रहा है. मुझे अच्छा नहीं लगा."

"रीडिंग में है?"

"रीडिंग में नहीं है."

"मग मी काय लिहू? ब्रेक अडखळतो, अच्छा नहीं लगा?" माझा आवाज चढला. सगळे ऐकत होते. "रामनिवासजी, मशीन ने पास किया है. बस."

ते पुढे झाले, लिफ्टचा दरवाजा उघडला, आत जाऊन उभे राहिले आणि दरवाजा हाताने धरून ठेवला. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही.

"बिल्कुल, मैडम. आइए. पहली सवारी हम दोनों की."

गुप्ताजी हसून बाजूला सरकले. काठीवाल्या आजोबांनीही वाट करून दिली. बाहेर चव्वेचाळीस डिग्री होतं. मी टॅबलेट छातीशी धरला.

"आप चलिए," मी म्हटलं. "मैं सीढ़ी से आती हूँ."

आणि खरंच चढायला लागले. पहिला मजला. दुसरा. तिसऱ्यावर मागे पावलं ऐकू आली म्हणून वळून पाहिलं. अख्खी सोसायटी माझ्या मागून जिना चढत होती. पिशव्या, पाण्याचे कॅन, एकेका पायरीवर थांबणारे आजोबा आणि त्यांना हात देणारे रामनिवासजी.

चौथ्या मजल्यावर घामाघूम गुप्ताजींनी मला गाठलं. कठड्याला धरून त्यांनी आधी श्वास घेतला, मग विचारलं,

"मैडम, सर्टिफिकेट तो आज ही मिल जाएगा न?"