डाव्या गुडघ्याचा ट्रक

शिवराम मेस्त्रींना चिडायला कारण लागत नसे, गिऱ्हाईक पुरे. माजिवड्याच्या त्यांच्या गॅरेजात चहासुद्धा ओरडूनच मागवला जाई. मात्र ज्याच्यावर ते जास्त ओरडत, त्याची गाडी जास्त चांगली होऊन जाई, असा लोकांचा अनुभव होता. अठरा वर्षं मस्कतला ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स उघडून आलेला माणूस. त्याने गोड बोलावं तरी कशाला?

त्या मंगळवारचा आवाज मात्र टेंभी नाक्यापर्यंत गेला असेल. समोर आयरीनबाईंचा बावीस वर्षांचा पिकअप ट्रक उभा होता. बाई त्यातून रोज सकाळी नौपाड्यात पालेभाजी पोचवत. डावा गुडघा कामातून गेलेला, क्लच दाबणं अशक्य, म्हणून हा ऑटोमॅटिक. आता तोही पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना आचके देई. इंजिन बोंबले आणि चाकं ढिम्म.

"घोडबंदरच्या मोठ्या गॅरेजात दाखवलेला," बाईंचा पुतण्या युजीन म्हणाला. "ते बोलले, गिअरबॉक्स गेला. ऑइल लाइफटाइम असतं, बदलायचं नसतं. उद्या भंगारवाला येतोय."

"लाइफटाइम? कुणाचं?" शिवराम कडाडले. "वॉरंटी संपली की त्यांच्या लेखी गाडी मेलीच! उद्या म्हणतील, माणसालाही एकदाच आंघोळ घाला, बारशाला!"

आयरीनबाई नुसता गुडघा चोळत राहिल्या. भंगारवाला आला तर भाजी घरीच बसणार होती, आणि भाजीबरोबर बाईही.

शिवराम ट्रकखाली शिरले. गिअरबॉक्सखालचं पसरट भांडं सोडवलं, तसं काळं, करपलेलं तेल टबात पडलं. "सरबतासारखं लाल असतं हे! आणि ही बघ काकवी!" भांड्याच्या तळाशी लोहचुंबक होतं. त्याला धातूचे तुकडे चिकटलेले निघाले तर युजीन बरोबर, ट्रक भंगारात. शिवरामांनी चुंबकावरचा राखाडी लेप दोन बोटांत चोळला. ओरडणारा माणूस गप्प झाला की जीव घाबरतो. बाईंनी छातीवर क्रूस काढला.

"पिठासारखं आहे. झीज आहे, मोडतोड नाही."

मग त्यांनी फिल्टर काढला आणि पुन्हा भडकले. जाळीत धाग्यांचा गुंताच्या गुंता बसला होता. "गिअरबॉक्स गेलेला नाही, उपाशी मरतोय! तेल जाणार कुठून? कुणी घातल्या ह्या चिंध्या? समोर या!"

"मीच असेन, भाऊ," आयरीनबाई म्हणाल्या. "तुम्हीच सांगितलेलं ना, दर सोमवारी तेल मोजायची पट्टी ओढून, पुसून तेल बघा. नऊ वर्षांत एक सोमवार नाय चुकवला."

"पुसता कशाने?"

"मम्माच्या लुगड्याने."

"आईच्या लुगड्याने? तेल?"

"मग काय कसलंही फडकं वापरू? हा माझा पाय आहे, भाऊ."

शिवरामांच्या तोंडात आलेली शिवी तिथेच राहिली. पट्टी पुसा म्हणून तेच म्हणाले होते. कशाने, ते सांगायचं राहून गेलं होतं, आणि लुगड्याचे सुटे धागे पट्टीला चिकटून आत जात राहिले होते. आता राग जाणार कुठे? तो मालकाच्याच घरी परतला. "मेल्या शिवराम, गाढवा! मस्कतात अठरा वर्षं काय खजूर मोजत होतास?" युजीन हसला, तर त्याच्यावरही एक हात सुटता सुटता राहिला.

नवा फिल्टर, नवं गॅस्केट, वरून लालभडक तेल. इंजिन चालू करून, सगळे गिअर एकेकदा फिरवून शिवरामांनी पट्टी काढली.

"इंजिन बंद करून बघतात ना?" युजीन.

"ते इंजिनचं ऑइल! हे गरम, चालू गाडीवर! बंद गाडीवर बघशील तर तेल कमीच घालशील!" आणि पट्टी त्यांनी गुळगुळीत कागदाने पुसली.

आयरीनबाई बाळकुमपर्यंत फेरी मारायला गेल्या. शिवराम रस्त्यावर येऊन उभे राहिले. चहा आला, तोही ओरडून परत पाठवला. ट्रक परतला, तेव्हा दुसरा गिअर कधी पडला ते कळलंसुद्धा नाही.

शिवरामांनी युजीनचा फोन काढून घेतला, भंगारवाल्याला लावला आणि त्या बिचाऱ्यावर पाच मिनिटं ओरडले. मग बाईंकडे वळून म्हणाले, "आठ दिवसांनी पुन्हा या. निम्मं तेल अजून आतच आहे, तेही बदलायचंय. आणि ते लुगडं धुऊन कपाटात ठेवा! कळलं?"

"कळलं, भाऊ," बाई म्हणाल्या, आणि ट्रकमध्ये बसून, डावा पाय ऐसपैस पसरून निघाल्या.