वरून दिसलेलं वेलिंग्टन

शेजारच्या ब्रायनच्या अस्थी त्याच्याच बागेत पुरल्या जात होत्या, तेव्हा वर जो ड्रोन घरघरत होता तो माझा होता. हे मी नाकारत नाही. नाकारून उपयोगही नव्हता, कारण गळ्यात रिमोट अडकवून कुंपणाशी उभा असलेला माणूस आमच्या रस्त्यावर तेवढा एकच होता.

सुरुवात झाली ती बाबांपासून. बाबा नाशिकला असतात. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर नकाशे काढून निवृत्त झाले. आमच्याकडे वेलिंग्टनला यायचं म्हणून त्यांचा व्हिसा आला, तिकिटं निघाली, आईने मेतकुटाचे डबे भरले, आणि निघायच्या आठवड्यातच बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, चालणं आलं नाही. मेतकूट पुढे कुणाबरोबर तरी इथे पोचलं. बाबा पोचणार नव्हते, हे आम्हाला सगळ्यांना कळलं होतं आणि कुणीच तोंडाने बोलत नव्हतं.

व्हिडिओ कॉलवर मी त्यांना घर दाखवायचो. आई फोन अशा कोनात धरते की अर्ध्या पडद्यावर छताचा पंखा आणि उरलेल्या अर्ध्यावर बाबांचं कपाळ. एक दिवस ते कपाळ म्हणालं, "मंदार, तू मला भिंती दाखवतोस रे. भिंती नाशकातही आहेत. ते घर बसलंय कुठे ते दाखव. टेकडी कुठल्या अंगाला, समुद्र कुठल्या, उतार कसा आहे. एकदा वरून बघायचंय मला."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी गूगल मॅप उघडून दिला असता. पण बाबांनी आजवर माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवेना. मी ड्रोन घ्यायचं ठरवलं.

आता, मी आयटीत आहे. टोस्टर घ्यायचा तरी मी आधी रिव्ह्यू वाचतो. (गेल्या टोस्टरच्या वेळी घरात बराच काळ कच्चाच पाव खाल्ला गेला.) ड्रोनसाठी मी तुलना केल्या, व्हिडिओ पाहिले, जेवताना बॅटऱ्यांबद्दल बोललो. माझी बायको केतकी माझ्याशी फक्त "भात वाढू?" एवढंच बोलायला लागली.

शेवटी आम्ही दुकानात गेलो. तिथल्या मुलीने विचारलं, "पहिलाच ड्रोन का?"

"हो, पण अभ्यास झालाय," मी म्हणालो.

तिने माझ्यापुढे दोन ड्रोन ठेवले. पहिल्याचा कॅमेरा बेताचा, पण त्याला आपली जागा कळत होती. गोंधळ झाला तर हात सोडून द्यायचे, तो हवेत तिथल्या तिथे थांबणार. एक बटण दाबलं की जिथून उडाला तिथे परत येणार. दुसऱ्याचा कॅमेरा अप्रतिम. बाकी सगळं चालवणाऱ्यावर सोपवलेलं. नवशिक्यांनी पहिलाच घ्यावा, असं तिने स्वच्छ सांगितलं.

"आणि वारा?" केतकीने विचारलं. वेलिंग्टनमध्ये राहणारा माणूस हा प्रश्न कपडे वाळत घालतानासुद्धा विचारतो.

"अगं, बाबांना बघायचंय ना? मग डोळे चांगले हवेत की पाय?"

"पडायची वेळ आली की पाय," केतकी म्हणाली.

मी डोळेवाला घेतला.

घरात सराव केला. पडदा फाटला, तुळशीचा शेंडा गेला, आणि एक गोष्ट लक्षात आली. ड्रोनचं तोंड आपल्याकडे वळलं की त्याचं डावं आपलं उजवं होतं. आमची लेक इरा सोफ्याआड बसून ओरडत होती, "डॅड, अदर लेफ्ट! अदर लेफ्ट!" मी तिला म्हटलं, डावं एकच असतं.

इथे दुसऱ्याच्या जागेवरून ड्रोन न्यायचा तर आधी विचारावं लागतं. म्हणून मी शेजारी गेलो. शेजारी मार्गारेट राहते. तिचा नवरा ब्रायन थोड्याच दिवसांपूर्वी गेला होता.  ड्रोन उडवायचाय, एवढंच मी सांगितलं. ती म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत खुशाल, "शनिवारी उडव."

शनिवारी असा वारा सुटला की रस्त्यावरून कचऱ्याचे डबे आपले आपण उतारावर निघाले. रविवारी दुपारी मात्र पान हलत नव्हतं. मी इतका हरखलो की परवानगी शनिवारची होती हे डोक्यातून साफ निघून गेलं. शेजारी गाड्यांची रांग लागली होती. मला वाटलं, बार्बेक्यू असेल.

केतकीच्या फोनवरून मी नाशिकला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. आईने बाबांची दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, उशा लावून त्यांना बसवलं होतं. रिमोटवर माझा फोन होता, त्यावर ड्रोनला दिसेल ते दिसणार होतं. केतकीने आपला फोन त्यासमोर धरला, म्हणजे बाबांनाही तेच दिसेल.

ड्रोन वर गेला. आमचं छप्पर, मग रस्ता, मग टेकडीची पाठ, आणि तिच्यापलीकडे एकदम पाणी.

"थांब, थांब!" बाबा म्हणाले. "म्हणजे तुमचं पावसाचं पाणी या अंगाने उतरतं. आणि तो समुद्र. बरोबर. अगदी बरोबर. आता तुमचं दार दाखव."

दार दाखवायला मी ड्रोनचं तोंड आमच्याकडे वळवलं, आणि तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली. इथली झुळूक म्हणजे इतरत्र त्याला वादळ म्हणतात. ड्रोन उजवीकडे सरकला.

"डावीकडे घे!" केतकी ओरडली.

"डावीकडेच घेतोय!"

"मग तो उजवीकडे का चाललाय?"

मी आणखी जोर लावून डावीकडे घेतला. तो आणखी जोरात उजवीकडे गेला. पडद्यावर कुंपण आलं, मार्गारेटचं छप्पर आलं, तिची हिरवळ आली. हिरवळीवर काळ्या कपड्यातली माणसं गोल उभी होती. मध्ये एक लहानसा खड्डा होता आणि खड्ड्याशी हातात लाकडी पेटी घेऊन मार्गारेट. सगळे वर बघत होते.

"हे लोक कोण?" बाबांनी विचारलं. "आपल्याकडे का बघतायत?"

"मंदार," केतकी अगदी हळू म्हणाली, "त्या पेटीत ब्रायन आहे."

मी घाबरून दोन्ही हात सोडले. हात सोडल्यावर थांबणारा ड्रोन अजून दुकानातच होता! माझा मार्गारेटच्या कोवाईच्या झाडात घुसला. झाड बहरात होतं. पिवळ्या फुलांचा सडा त्या सगळ्या गंभीर माणसांच्या डोक्यांवर पडला.

मी फाटकातून आत गेलो. हाफ पँट आणि जँडल्समध्ये, म्हणजे इथल्या रबरी चपलांमध्ये. दारातच एक धिप्पाड माणूस आडवा आला. मार्गारेटचा मुलगा.

"तुझा का, मेट?"

"हो."

"वाटलंच."

मार्गारेट पेटी छातीशी धरून उभी होती. तिचे डोळे रडून सुजले होते आणि केसांत पिवळी फुलं अडकली होती. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी शनिवार म्हटलं होतं, मँडर."

मला "सॉरी" एवढाच शब्द येत होता. तो मी बऱ्याचदा म्हणालो.

तेवढ्यात माझ्यामागून एक जड, अडखळता आवाज आला. केतकी मागोमाग धावत आली होती आणि तिच्या हातातला फोन चालूच होता. "केतकी, त्या बाईंना दे मला," बाबा म्हणाले. मग त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली. पाटबंधारे खात्याच्या पत्रांमधलं इंग्रजी, पण झटक्यानंतर त्यातला प्रत्येक शब्द त्यांना उचलून आणावा लागत होता. "मॅडम. आय ॲम द फादर. ही डिड इट फॉर मी. काइंडली स्कोल्ड मी."

मार्गारेटने फोनकडे पाहिलं. उशांना टेकलेला, इस्त्रीच्या शर्टातला एक म्हातारा, ओठ एका बाजूला उतरलेला. केतकीने तिला सगळं सांगितलं. मार्गारेटने पेटी मुलाकडे दिली, फोन हातात घेतला, आणि म्हणाली, "तुमच्या जागी ब्रायन असता तर मीही हेच केलं असतं. फक्त जरा बरं केलं असतं."

मग तिने फोन बागेतल्या खुर्चीवर उभा ठेवला, बाबांना नीट दिसेल असा. मला म्हणाली, "आता आलाच आहेस तर थांब." मुलाने प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून वाचली. ब्रायनची राख खड्ड्यात उतरली, वर गुलाबाचं रोप लागलं. माझ्या पायातल्या जँडल्सकडे कुणी बघितलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. खुर्चीवरच्या फोनमध्ये बाबांनी आपला एकटा डावा हात उचलून छातीशी धरला होता, अर्धा नमस्कार करून. तो सगळं होईपर्यंत त्यांनी खाली घेतला नाही. माझे डोळे भरून आले ते ब्रायनमुळे की त्या हातामुळे, मला सांगता येणार नाही.

नंतर मार्गारेटच्या मुलाने शिडी आणून दिली. झाडात अडकलेल्या ड्रोनचा कॅमेरा अजून जिवंत होता, तोंड खाली करून. केतकीने माझ्याकडून रिमोट घेऊन पुन्हा फोन त्याच्यासमोर धरला आणि मी चढायला लागलो. मी जवळजवळ वर पोचलो असेन, तर फोनमधून घुसमटल्यासारखा विचित्र आवाज यायला लागला. मला वाटलं, बाबांना ठसका लागला.

"आई! पाणी दे त्यांना!" मी शिडीवरून ओरडलो.

"अरे ठसका नाही," आईचा आवाज आला. ती रडत होती. "हसतायत रे. आजारपणानंतर पहिल्यांदा हसतायत."

आता नाशिकला कुणीही भेटायला आलं की बाबा त्याला समोर बसवून सांगतात, "न्यूझीलंड मी वरून बघितलंय. सगळा मुलूख हिरवागार. ओसाड तेवढं आमच्या मंदारचं डोकं."