बॉयलरशेजारचा पलंग

देओलिंदाकाकूंचं वरचं स्वयंपाकघर केवळ पाहुण्यांनी बघायचं. अमेरिकेतल्या फॉल रिव्हरमधल्या, पोर्तुगीज बेटांवरून आलेल्या आम्हा अझोरी लोकांचा खरा संसार तळघरात, वाफेच्या बॉयलरशेजारी. वाफ वरच्या खोल्या तापवायची आणि तळघर गारठलेलंच राहायचं. फिर्मिनोकाकांना अर्धांगवायू झाला, जिना चढणं संपलं, तेव्हा काकूंनी त्यांचा पलंग खाली लावला. भाचा अल्बानोकडून बॉयलरमधलंच गरम पाणी फिरवणारा पाइप भिंतीकडेनं बसवून घेतला.

ऊब आली, पण काकूंची झोप उडाली. चाळीस वर्षं काकांनी त्या यंत्राला कुणाला हात लावू दिला नव्हता, आणि आता त्यांच्या तोंडात एकच शब्द उरला होता, 'नाही'. सूपला नाही, गोळीला नाही. दर रविवारी बॉयलरमधून बादलीभर गढूळ पाणी काढायचं, नाहीतर पाणी संपल्यावर आग आपोआप विझवणारी कळ गाळानं अडकते, असं अल्बानोनं बजावलं होतं. काकू नळापर्यंत जायच्या आणि घाबरून परत यायच्या. मी वरची भाडेकरीण, तीही भित्री. "राहू द्या हो," म्हटलं. त्याची अजून लाज वाटते.

फेब्रुवारीत एका सकाळी मी खाली गेले, तर बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचनळीत पाण्याचा थेंब नव्हता. नव्या पाइपाच्या सांध्यातून सगळं कपाटामागे झिरपलं होतं. आग मात्र धडधडत होती आणि तापल्या लोखंडाचा वास सुटला होता. काकूंनी पाणी भरायच्या नळाला हात घातला.

"नाही," काका म्हणाले.

"गप बसा. सगळ्यालाच नाही तुमचं."

"नाही, नाही." त्यांनी चांगल्या हातानं काकूंचा एप्रन असा धरला की त्या पलंगावर आपटल्या. काकांची नजर जिन्याच्या माथ्यावरच्या, बॉयलर बंद करायच्या लाल बटणावर होती. मी वर धावले आणि बटण बंद केलं.

"तापलेल्या बॉयलरमध्ये गार पाणी गेलं असतं ना मावशी," अल्बानो नंतर म्हणाला, "तर तो फुटला असता, आणि मी पाइप नव्हे, शवपेट्या उचलत बसलो असतो."

सांधा बदलला, बॉयलर तपासून झाला. तरी काकूंनी दिवाणखान्यातल्या सोफ्यांवरच्या चादरी काढल्या आणि अल्बानोला काकांना खुर्चीसकट वर न्यायला लावलं. ते 'नाही, नाही' म्हणत राहिले. कोण ऐकतंय?

काकू मात्र अजून खालीच रांधतात. काका वरून काठी आपटतात, काकू पळीनं पाइप वाजवून उत्तर देतात. परवा काकूंचे हात मासे साफ करण्यात गुंतले होते, उत्तराला उशीर झाला. मी त्यांच्या घराचं दार उघडलं, तर काका तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी जमिनीवर होते, एका हातानं स्वतःला पुढे ओढत.