मंचाजवळ यावे

दुपारी साडेतीनला आमच्या घरात कोणी बोलायचं नाही, असा आईचा कायदा होता. साडेतीनला टीव्हीवर सिनेमावाल्यांच्या बातम्यांचा तो हिंदी कार्यक्रम लागायचा. कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं, कोणती नटी विमानतळावर काळा चष्मा लावून उतरली. मी शाळेत होते तेव्हापासून तो चालू आहे. निवेदिका किती आल्या नि गेल्या, कार्यक्रम काही संपायचं नाव घेत नाही. मी अंगणवाडीत काम करते. तीन वाजता पोरांच्या कलकलाटातून सुटून घरी यावं, चार घास खायला बसावं, तर समोर तो काळा चष्मा. मला त्या कार्यक्रमाचा मनापासून राग होता.

आईला त्या नट्यांशी काडीचं देणंघेणं नव्हतं. ती त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांकडे पाहायची.

कारण माझा मोठा भाऊ. दिघोरीला दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, तिच्यात भर दुपारी दंडार, म्हणजे नाचगाण्याचं नाटक, व्हायची, त्यात तो लुगडं नेसून नाचायचा. गावानं टाळ्याही दिल्या आणि नावंही ठेवली. नावं ठेवण्यात मीही मागे नव्हते. एक दिवस तो मुंबईला गेला. सिनेमाच्या गाण्यांत मागे नाचणाऱ्यांमध्ये काम मिळालं, असा फोन आला. मग फोन कमी होत गेले आणि एका दिवाळीनंतर नंबरच बंद झाला. तेव्हा बाबा होते. ते जाऊन चार दिवस मुंबईत फिरले, पोलिसांत नोंद करून रिकाम्या हातानं परतले. खोलीवरची मुलं म्हणाली, सामान घेऊन गेला, कुठे ते सांगितलं नाही.

पुढे दोनेक महिन्यांनी त्या कार्यक्रमात कसल्याशा गाण्याचं शूटिंग दाखवलं आणि नटीच्या डाव्या खांद्यामागे दादा दिसला. पिवळा सदरा, घामानं थबथबलेला. चार सेकंद असतील. आम्ही तिघांनी पाहिला. आईच्या हातातला तांदूळ सुपासकट खाली पडला. त्यानंतर आईनं साडेतीनची वेळ कधी चुकवली नाही. बाबा गेले त्याच्या तेराव्या दिवशीसुद्धा नाही.

आमच्याकडे मंडईत माणूस हरवला की चिठ्ठी लिहून मंचावर धाडतात. दंडार कितीही रंगात आलेली असो, पेटीवाला थांबतो आणि माईकवर चिठ्ठी वाचतात. अमक्या गावचं पोरगं, अंगात लाल शर्ट, जिथे असेल तिथून मंचाजवळ यावे. आणि माणूस येतो. आईच्या लेखी टीव्हीवरचा कार्यक्रम म्हणजे जरा मोठा मंच, एवढाच फरक. तिनं मला चिठ्ठी लिहायला बसवलं. मी परोपरीनं समजावलं की हे लोक असल्या चिठ्ठ्या वाचत नाहीत.

"काहून नाई वाचत?" ती म्हणाली. "मंच हाये ना त्याइचा?"

कपाळ माझं! मी चॅनेलचा पत्ता शोधला, मराठीत लिहिलं, खाली हिंदीत लिहिलं. उजव्या भुवईवर व्रण, नाचतो चांगला, जिथे असेल तिथून मंचाजवळ यावे, आई वाट पाहत आहे. लाखांदूरला बसनं जाऊन पोस्टात रजिस्टर केली. पुढे दर मंडईला एक चिठ्ठी जाऊ लागली. आई कान देऊन ऐकायची आणि डोळे लावून पाहायची. निवेदिका जरा थांबली की माझ्याकडे वळून हात वर करायची, गप म्हणून. ती जाहिरात असायची.

मग आईचे डोळे जाऊ लागले. काचबिंदू. डॉक्टरांनी बजावलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी औषधानं टिकेल, थेंब वेळेवर घाला. दुपारचा थेंब तीनचा होता. थेंब घातल्यावर तिला तासभर सगळं धुरकट दिसायचं. म्हणून ती दुपारचा थेंब घालतच नव्हती. वर्षभर. मी तीननंतर घरी यायचे, तिला विचारायचे, ती हो म्हणायची. मला कळलं तेव्हा बाटल्या कपाटात भरलेल्याच सापडल्या. मी भांडले, रडले, वाट्टेल ते बोलले. ती ऐकून घेऊन साडेतीनला टीव्ही लावायला उठली.

शेवटी शेवटी मीच तिचे डोळे झाले. "मांगं कोन हाये, पाह्य," ती म्हणायची. मी पाहायचे. कोणी नसायचं. आणि एका दुपारी ती उठली, चाचपडत टीव्हीपाशी गेली आणि पडद्याला नाक टेकवून उभी राहिली. कुणा हिरोच्या वाढदिवसाची गर्दी चालली होती. तो उजेड तिच्या तोंडावर हलत होता आणि तिला त्यातलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मला सहन झालं नाही.

"दिसला, माय," मी म्हटलं. "आत्ता गेला."

ती वळली. कसा आहे, विचारलं. मी म्हटलं, जाडा झालाय. हसत होता का? हो, हसत होता. ती खाली बसली, पदरानं तोंड पुसलं. खाऊनपिऊन आहे म्हणजे, असं स्वतःशीच म्हणाली. मला वाटलं, एक दुपार तरी सुखाची गेली बिचारीची. तेवढ्यात ती म्हणाली, "आता दुसरी चिठ्ठी लिही. सापडला म्हून. नाईतं लोकं उगाच पाहात राहातीन."

मंडईत तशी रीतच आहे. सापडल्यावर मंचाला कळवायचं आणि शोध थांबवायचा. मी माझ्या हातानं लिहिलं, सदर मुलगा सापडला आहे, कोणी शोधू नये. दोनदा वाचायला लावून तिनं खाली सही केली. दुसऱ्या दिवशी माझ्या खांद्याला धरून बसनं लाखांदूरला आली आणि पाकीट स्वतः खिडकीत दिलं. खरं सांगायला मला अख्खा रस्ता होता. मी नुसती दोन तिकिटं काढली.

आता आई तीनचा थेंब न चुकता घालून घेते. साडेतीनला बाहेर ओट्यावर बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पोराचं सांगते. आत मी टीव्ही लावते, आवाज बंद करून. नट्यांच्या मागची तोंडं एकेक करून पाहते. दादाला शोधणारी आता मी एकटीच उरले आहे आणि ते कोणाला सांगायची सोय मीच ठेवलेली नाही. काल मध्येच पाच मिनिटं वीज गेली. मी काळ्या पडद्यासमोर बसून रडले आणि बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून ओढणी तोंडात कोंबली.